दोरीच्या टोकाला इंग्रजीचा तास

अख्ख्या हैदराबादेत इंग्रजीचा वर्ग माझ्यासारखा कुणी सांभाळला नसेल. आता मला इंग्रजी येत नव्हतं, मराठीसुद्धा वाचता येत नव्हतं, आणि मी वर्गात नसायचोच, भिंतीच्या बाहेर व्हरांड्यात बसून पंख्याची दोरी ओढायचो, एवढं सोडून द्या.

निजामाचं राज्य होतं. विजेचे पंखे म्हणजे नवाबांच्या देवड्यांत, त्यांच्या मोठ्या वाड्यांत, नाहीतर बड्या अंमलदारांच्या बंगल्यांत. आमच्या मराठी शाळेत एकच पंखा, तोही इंग्रजीचा वर्ग भरायचा त्या मोठ्या दिवाणखान्यात. पंखा म्हणजे काय, छताला टांगलेली लांब लाकडी पट्टी, तिला खाली कापडाची झालर, आणि पट्टीला बांधलेली दोरी. ती दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर यायची आणि माझ्या हातात संपायची. मी ओढली की झालर खिडकीकडे, सैल सोडली की भिंतीकडे. खिडकीकडे, भिंतीकडे. कर्र, कुर्र. पोटापाण्याचा धंदा एवढाच.

ते भोक मुठीएवढं होतं. माझी शाळा म्हणजे ते भोक. त्यातून अर्धा फळा दिसायचा, मास्तरांचा एक खांदा दिसायचा आणि काळ्या टोप्यांची एक रांग दिसायची. टोप्यांखालची पोरं दिसायची नाहीत. त्यामुळे कित्येक दिवस मला वाटायचं की इंग्रजी टोप्याच शिकतात.

इंग्रजीचा तास दुपारी, जेवणानंतर. बाहेर ऊन असं की चिंचेच्या झाडावरचे कावळेसुद्धा चोच उघडी टाकून गप्प. सडकेवरून एखादा टांगा गेला तर त्याची घंटा किती वेळ हवेत नुसती लोंबत राहायची. सिकंदराबादेकडून कधीतरी पलटणीचा बँड वाजायचा. एवढ्या लांबून तो बँड वाटायचा नाही, कुणीतरी झोपेत पुटपुटतंय असं वाटायचं. पोटात ज्वारीची भाकरी आणि अंबाड्याची भाजी. हातात दोरी. आणि भोकातून इंग्रजी यायचं.

मला इंग्रजी फार आवडायचं. कळत नव्हतं ना, म्हणून. मराठीत कुणी बोललं की लगेच कळतं, काय पाहिजे, कुणाला शिव्या घालायलेत, पाणी कुणी सांडलं. इंग्रजीत तसं काही नाही. ते नुसतं वाहायचं. विहिरीत पोहरा बुडताना बुडबुडे येतात तसं. मी डोळे मिटून ऐकायचो आणि डोळे मिटले की पंखेवाल्याचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या धंद्यात दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून झोपायची रीत आहे. माणूस झोपतो, पाय चालू राहतो. वस्ताद पंखेवाले तसे रातभर वारा घालतात म्हणे. माझं उलटं. माझा पाय आधी झोपायचा.

आधीचे मास्तर होते तोवर झोपेची चिंता नव्हती. ते दर थोड्या वेळानं कुणाला तरी छडीनं फोडून काढायचे आणि त्या आवाजानं मला जाग यायची. ते पेन्शन घेऊन गेले आणि नवे मास्तर आले.

नवे मास्तर म्हणजे काडी. शेरवानी अंगावर अशी लोंबायची की आत कुणी आहे की नाही ते बोलल्यावरच कळावं, आणि बोलायचे इतकं हळू की बोलल्यावरही कळू नये. घराणं मोठं, शहरातलं जुनं. आजा, बाप, काके सगळे सरकारी दफ्तरात नाहीतर कोर्टात. हे एकटेच मास्तरकीला लागलेले.

पहिल्याच दिवशी पोरांनी त्यांना गाठलं. तोंड मिटून सगळी गुणगुणायला लागली. मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखं. कोण करतंय ते दिसत नाही, तोंडं तर सगळ्यांची बंद. मास्तर इकडे गेले की तिकडून, तिकडे गेले की इकडून. तास संपल्यावर ते बाहेर व्हरांड्यात आले, माझ्या सुरईतलं पाणी प्यायले. अर्धं पाणी शेरवानीनंच प्यायलं.

"मामा," ते म्हणाले. मला सगळी शाळा मामा म्हणायची. "आधीचे मास्तर काय करायचे हो?"

"बडवायचे."

"आणि?"

"आणि दमले की जरा बसायचे. मग पुन्हा बडवायचे."

ते हसले. "मला नाही जमायचं. परकी भाषा आहे ती, मामा. तोंड उघडायचीच आधी भीती. त्यात मी छडी दाखवली तर जी तोंडं उघडतात तीही मिटतील."

"मिटली तरी गुणगुणतात की," मी म्हटलं.

"हौ, ते मात्र खरं."

मग मी त्यांना सल्ला दिला. मला सल्ला द्यायची खोड आहे, विचारला नाही तर जास्त. म्हटलं, "आवाज चढवा मास्तर. मोंढ्यातल्या हमालासारखा." बिचाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी चढवला. मास्तरांनी चढवला म्हणून पोरांनी चढवला, पोरांनी चढवला म्हणून शेजारच्या गणिताच्या वर्गानं चढवला. शेवटी हेडमास्तर धावत आले, त्यांना वाटलं आग लागली. त्यांनी मास्तरांना बाहेर घेतलं आणि माझ्यासमोरच सुनावलं. पंखेवाल्यासमोर बोलताना कुणी आवाज हळू करत नाही, आम्ही खांबातच जमा.

"मास्तर, तुमची नोकरी अजून कच्ची आहे. सुट्टीच्या आधी मोहतमीम साहेब तपासणीला यायलेत. त्यांना वर्ग ताब्यात दिसला तर पक्के व्हाल. नाही दिसला तर मी काही करू शकणार नाही."

मोहतमीम म्हणजे शाळा तपासणारे मोठे साहेब. ते गेल्यावर एखादा मास्तर राहायचा, एखादा जायचा.

हेडमास्तर गेले. मास्तर माझ्याजवळ पायरीवर बसले. "घरी काकांनी दफ्तरात माझ्यासाठी एक स्टूल पुसून ठेवलंय, मामा," ते म्हणाले. "रोज संध्याकाळी विचारतात, कधी येतोस बसायला? त्या खोलीला खिडकीसुद्धा नाही."

 माझ्या बसायच्या जागेला तर भिंतीही नव्हत्या. पण त्यांचा चेहरा बघून मनात आलं, ह्या माणसाला पक्कं करायचं. कोण करणार? आपण. दुसरं आहेच कोण?

खरं सांगायचं तर मास्तरांनी स्वतःच एकेक गोष्ट काढली. मी फक्त भोकातून बघितली. दुसऱ्या दिवसापासून ते घंटेच्या आधीच दारात उभे राहायला लागले. प्रत्येक पोराला एकेकट्याला इंग्रजीत काहीतरी म्हणायचे, पोरानं काहीतरी परत म्हणायचं, मग आत. लोंढा आत शिरला की दंगा होतो. एकेकटा शिरला की पोरगं आपल्या जागेवर जाऊन गप बसतं, सासरी आल्यासारखं. गुणगुणण्यात जो म्होरक्या होता त्याला खडू सांभाळायला दिले. मला वाटलं, गेले खडू. पण तो पोरगा खडूच्या डबीवर असा बसला जसा सरकारी खजिन्यावर पहाऱ्याचा अरब.

आणि दंगा झालाच तर मास्तर बोलायचेच नाहीत. खिडकीबाहेर बघत उभे राहायचे, नामपल्लीच्या फलाटावर गाडीची वाट बघावी तसे. गाडी काही येत नाही, पण ह्यांना घाई नाही. मग एकेक टोपी गप व्हायची. बोलण्याऐवजी हातानं खुणा करायचे. तळवा खाली दाबला की हळू. कानामागे हात नेला की पुन्हा म्हणा. मला त्या खुणा इतक्या आवडल्या की मीही बाहेर बसून तळवा दाबायला लागलो, कानामागे हात न्यायला लागलो. दोरी कोण ओढणार? आतून हाक यायची, "मामा, पंखा!"

एक गोष्ट मात्र बसत नव्हती. सगळ्यांनी मिळून म्हणायचं आलं की घोळ. कुणी पुढे, कुणी मागे. मोडक्या पुलावरून बैलगाड्या जाव्यात तसा खडखडाट. मग एका दुपारी मास्तर फळ्यापाशी थांबले आणि वर बघायला लागले. मला वाटलं, पाल दिसली. ते झालरीकडे बघत होते. मग टोप्यांकडे. भोकातून मलाही दिसलं, सगळ्या टोप्या हळूहळू झालरीबरोबर हलत होत्या. खिडकीकडे, भिंतीकडे. उन्हानं, जेवणानं, त्या कर्र-कुर्रनं सगळा वर्ग पाळण्यात बसल्यासारखा.

मास्तरांनी बोट वर केलं. झालर खिडकीकडे गेली तसं खिडकीकडच्या पोरांना खूण केली, विचारा. "व्हाट इज धिस?" झालर परत आली तशी भिंतीकडच्यांना खूण केली. "धिस इज अ बुक." कर्र, व्हाट इज धिस. कुर्र, धिस इज अ बुक. एक टोपी पुढे नाही, एक मागे नाही. माझ्या अंगावर काटा आला. भाताच्या शेतावरून वारा गेल्यासारखं ते इंग्रजी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं, आणि वारा कुणाच्या हातात? माझ्या.

तास संपल्यावर मास्तर धावत बाहेर आले. "मामा, दोरी एकसारखी ओढायची. घाई नको, ढील नको. आणि झोपू नका हो."

"मी? झोपतो?" मी म्हटलं. डोळ्यातली चिपडं पुसत म्हटलं.

त्या दिवसापासून मी जमिनीवर राहिलो नाही. आमचं घर अंबरपेठेत. माझी बायको शाळेच्या फाटकापाशी टोपली घेऊन बसायची, कधी बोरं, कधी शेंगा, कधी पेरू. शाळा सुटली की रिकामी टोपली माझ्या डोक्यावर द्यायची आणि आम्ही चालत घरी जायचो. ती पुढे, मी आणि टोपली मागे. ती रोज एवढंच म्हणायची, "टोपली उचला." पण आता माझं तोंड वाटभर थांबेना. मी तिला सांगायचो, मी जलद ओढलं की पोरं जलद शिकतात. सांगायचो, मी मनात आणलं तर दिवाळीपर्यंत सगळ्यांना विलायतेला नेऊन पोचवीन. अंबरपेठेतल्या न्हाव्याला सांगितलं, इंग्रजी आता आपल्या हाताखाली चालतं. तो म्हणाला, मग मान खाली करा.

बायको एकदा म्हणाली, "झोप लागली म्हंजे?"

"मला? अगं, मी वर्ग सांभाळायलोय!"

"हौ. रात्री दार लावायचं सांभाळत नाही तुमाला," ती म्हणाली, आणि पुढे चालायला लागली.

मोहतमीम साहेब यायचा दिवस ठरला. ऊन तर असं की सुरईतलं पाणीच घाम गाळायला लागलं. हेडमास्तर काळजीत. साहेब घामाघूम झाले तर कंटाळतील, कंटाळले तर उठून जातील, मास्तरांचं काय होईल. तेव्हा मी पुढे झालो. म्हटलं, "हुजूर, व्हरांड्याला वाळ्याचे पडदे लावा. मी पाणी मारत जातो. आत असा गारवा येईल की साहेबांना वाटेल उटीला आलो."

ही अक्कल माझी. कुणी शिकवली नाही. हेडमास्तरांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी कुठल्याशा वकिलांच्या घरून वाळ्याचे पडदे मागून आणले. मी ते स्वतः खांबांना बांधले, माझ्या बसायच्या जागेला पुरते वेढून. स्वतः घागरीनं पाणी मारलं. नवा दस्तार डोक्याला गुंडाळला, पितळी बिल्ला चिंचेनं घासून लावला आणि दोरी हातात घेऊन बसलो.

आता ऐका. इतकी वर्षं मी कशाच्या जोरावर अर्धामुर्धा जागा राहायचो? त्या उन्हाच्या झळेच्या जोरावर. झळ तोंडावर यायची, डोळे चुरचुरायचे, माणूस जागा राहायचा. आज झळ नाही. पडद्यातून हिरवट, ओला उजेड. वाळ्याचा वास, पहिल्यांदा पाणी पाजलेल्या मातीसारखा. थेंब थेंब पाणी फरशीवर. आत खुर्ची सरकली, साहेब बसले. लाल तुर्की टोपीचं टोक भोकातून दिसलं. मास्तरांचा खांदा दिसला, ताठ. मी ओढली. कर्र, व्हाट इज धिस. कुर्र, धिस इज अ बुक. काय सुरू होतं सांगू! असं वाटलं, मी दोरी ओढत नाही, दोरी मला झुलवतेय. कर्र, व्हेअर इज द कॅट. कुर्र...

मग मी हुसेनसागरावर होतो. सगळी शाळा पाण्यावर तरंगत होती, बाकांसकट, फळ्यासकट. पोरं रांगेनं बसलेली, टोप्या घालून. आणि मी पुढे पाण्यावरून चालत दोरीनं सगळ्यांना ओढत होतो सिकंदराबादच्या बाजूला. पाणी घोट्याएवढं, गार. पाण्याखाली इंग्रजीचे मासे, चांदीचे, माझ्या पायांमधून सुळसुळत जायचे. मास्तर मागून म्हणत होते, हळू मामा, हळू. मी म्हणायचो, चिंता करू नका मास्तर, मी जागा आहे. पलीकडच्या काठावर बायको टोपली घेऊन बसलेली. टोपलीत पेरूंच्या जागी टोप्या होत्या. मी तिला हात केला. बघ, म्हटलं, सगळे आले, एक बुडाला नाही.

कुठंतरी काहीतरी आपटलं. मी डोळे उघडले. दोरी हातातच होती. मला वाटलं, पापणी लवली असेल नुसती. एका मास्तरच्या जन्माचा सवाल, आणि आपण पापणी लववली! मी सगळा जोर लावून दोरी खेचली.

आत साहेब नेमके उठून उभे राहिले होते, पंख्याखालीच. माणूस उंच. आपटली होती ती त्यांची मागे सरकलेली खुर्ची. झालर सण्णकन गेली आणि लाल टोपी हवेत. भोकातून मला एवढंच दिसलं, एक लाल टोपी डावीकडून आली, काळ्या टोप्यांच्या वरून उडत गेली आणि उजवीकडे दिसेनाशी झाली. गोंडा मागून.

मी दोरी सोडली. म्हटलं, संपलं. मास्तर गेले स्टुलावर. आपण गेलो हमालीला.

पण आतून हसू आलं. एकाचं नाही, सगळ्यांचं, आणि त्यात एक भारी, खोल हसू, ते साहेबांचं. मग खुर्च्या, पावलं, सलाम, बग्गीचा खडखडाट. मी पडद्याआड खांबाला चिकटून उभा. मग मास्तर आले. घामानं भिजलेले, डोळ्यांत पाणी. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

"मामा, तुमचे फार उपकार झाले. पक्का झालो मी."

झालं! ह्यापुढे मला काय पाहिजे? मी मोठ्या मनानं म्हटलं, "अहो मास्तर, त्यात काय. दोरीला हात बसलेला आहे माझा."  त्यांच्या ओठांचं काहीतरी झालं, मला वाटलं भरून आलं.

मी फाटकाकडे गेलो ते दस्तार सरळ करत. बायको टोपलीपाशी, भोवती पोरांचा घोळका, पेरू खायलेले. मी म्हटलं, "ऐकलंस का? मास्तर पक्के झाले. हात जोडून उपकार मानले माझे. शेवटी दोरीनंच काम केलं."

पोरांनी पेरू चावायचे थांबवले. मग तो खडूवाला म्होरक्या फुटला, पेरूसकट. "मामा! तुम्ही तर झोपले होते!"

"कायकू खोटं बोलतोस रे?"

"खोटं नाही मामा, आईची आण! पंखा बंद पडला. खिडकीवाल्यांनी विचारलं व्हेअर इज द कॅट, झालर परतच येईना. आम्ही भिंतीवाले तोंड उघडून बसलो."

"आणि मग भोकातून घोरणं आलं," दुसरा म्हणाला. "आधी वाटलं पंखाच वाजायलाय."

"हेडमास्तर उठले, तुम्हाला लाथ घालायला निघाले होते!"

"मास्तरांनी बसवलं त्यांना. ओठावर बोट ठेवलं." ह्या तिसऱ्यानं ओठावर बोट ठेवून दाखवलं. "मग तळवा खाली, हळू. आणि अगदी हळूच विचारलं मला, इंग्रजीत, मांजर कुठं आहे. मी पण हळूच सांगितलं. मग मी ह्याला विचारलं. ह्यानं त्याला. सगळे कुजबुजायलो होतो, मामा, इंग्रजीत! तुम्ही उठू नये म्हणून."

"साहेब कानाला हात लावून पुढे वाकले," म्होरक्या म्हणाला. "ह्या बारक्याला विचारलं इंग्रजीत, तुम्ही सगळे असे हळू कायकू बोलायलेत? सांग रे, तू काय बोलला."

बारका म्हणजे पुढच्या रांगेतला सगळ्यात लहान, ज्याची टोपी मला रोज दिसायची आणि ज्याचं तोंड मी आज पहिल्यांदा बघत होतो. तो लाजला. मग खाली बघून म्हणाला, "मामा इज स्लीपिंग, सर. ही इज ओल्ड."

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"मामा झोपलेत. म्हातारे आहेत."

तेव्हा माझ्या डोक्यात एक पांढरा केस नव्हता. पण ते राहू द्या.

"हे पुस्तकात नव्हतं मामा," म्होरक्या म्हणाला. "कुणी शिकवलं नव्हतं. मग मागून कुणीतरी म्हणालं, प्लीज सर, त्यांना उठवू नका. साहेब तसेच बसले घाम पुसत, पंख्याशिवाय, आणि तेही कुजबुजायला लागले! नंतर हेडमास्तरांना बोलले, पाठ की हुई अंग्रेजी तो रोज सुनते हैं, आज बच्चों को बात करते सुना. इस मास्टर को जाने मत देना."

पोरं पळाली. मी तिथंच उभा. खरं सांगू, लाज नंतर आली. आधी हळहळ वाटली. इतकी वर्षं त्या भोकापाशी बसून मी इंग्रजी ऐकलं, नुसता आवाज, अर्थाशिवाय. आणि ज्या एका दुपारी त्या पोरांनी खरोखर काही सांगितलं, आणि सांगितलं ते माझ्याबद्दल, माझ्यासाठी, हातभर अंतरावर, तेव्हा मी हुसेनसागरावर मासे बघत होतो. अजूनही कधी दुपारी वाऱ्यानं पिंपळाची पानं हळूच सळसळली की मला वाटतं, तेच असेल. सगळा वर्ग परक्या भाषेत कुजबुजायलाय, कुणाची तरी झोप मोडू नये म्हणून. मी डोळे मिटतो. ऐकू यायच्या आत मला पुन्हा झोप लागते.

पण तेव्हा फाटकापाशी हे असलं काही बोलता येईना. बायको माझ्याकडे बघत होती. काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मी दस्तार पुन्हा सरळ केला.

"म्हणजे एकूण काय," मी म्हटलं, "झोपलो का असेना, मास्तर पक्के झाले ते माझ्यामुळंच."

"बैल मधेच बसला म्हणून माणसं उतरून पायी चालत गेली," बायको म्हणाली. "त्यात बैलाची कसली हुशारी? टोपली उचला."